शेवग्याला पाजलेली बिअर

सुरेखा,

फ्रिजमधली बिअर शोधू नको. ती सकाळी मी शेवग्याच्या बुडात ओतली. शेवगा अजून सरळ उभा आहे.

तू पाथर्डीला मीटिंगला गेलीस आणि मला कोथिंबिरीच्या जुडीमागे बाटली दिसली. मी आपल्या कल्याणला नको नको ते बोलले. तो म्हणत होता, "आई, सुरेखानं तिच्या भावाकडून मागवली. कांद्याच्या रिंगा तळायच्यात, पिठात घालायची हाय." मी म्हटलं, "पिठात कोण बिअर घालतं व्हय रं? तीन वर्सं सोडलेली, आता परत सुरू?" तो चहा तसाच ठेवून मळ्यात गेला.

मग ओट्यावर तुझा कागद सापडला. एकेक अक्षर जुळवून वाचला. एक वाटी मैदा, एक वाटी गार बिअर. खरंच लिहिलंय की!

मग बिअरच्या जागी दुकानातून गार सोडा आणला, मैद्यात दोन चमचे तांदळाचं पीठ घातलं आणि रिंगा तळल्या. अशा कुरकुरीत झाल्या की पहिल्या चार मी उभ्यानेच खाल्ल्या. तुझ्यासाठी कांदा चिरून ठेवलाय, अर्धा सोडा फ्रिजमध्ये आहे. पीठ तळायच्या वेळीच कालव, नाहीतर रिंगा मऊ पडतील.

मी डबा घेऊन मळ्यात चालले आहे. माझं चुकलं, हे त्याला समोर बसून सांगते.

पुन्हा बाटली आणलीस तर कोथिंबिरीमागे लपवू नको, पुढेच ठेव. तो हात लावणार नाही. आता मीही लावणार नाही.

आई