गच्ची, कारंजे आणि खोलीबाहेरचा बाक

मी, खाली सही करणारी, वय वर्षे सदुसष्ट, विद्यापीठातून निवृत्त झालेली वनस्पतिशास्त्राची प्राध्यापिका, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण सहीला त्यांची गरज नाही, असे वकीलबाई म्हणतात. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात नुसती मालमत्ता होती.

१. राहते घर माझ्या धाकट्या बहिणीने, बारकीने, हयात असेपर्यंत वापरावे. विकण्याचा किंवा भाड्याने देण्याचा हक्क तिला नाही. "म्हणजे मी वॉचमन," असे ती म्हणाली. होय, तेच. खिडकीतल्या कुंड्यांना रोज पाणी घालू नये. मी असतानाही ती लपून घालते, मला माहीत आहे.

२. भिंग, छाटणीच्या कात्र्या आणि वाळवलेल्या पानांच्या वह्या माझ्या विभागाला. भिंगाच्या मुठीला दोरा गुंडाळला आहे, तो काढू नये. मूठ सैल आहे.

३. माझी मोठी काळी छत्री अनुदान समितीच्या माजी अध्यक्षांना. कारण पुढच्या कलमात.

४. बहिणीच्या पश्चात घर विकून येणारी रक्कम व माझी सर्व बचत विद्यापीठाच्या विद्यार्थी-प्रकल्प अनुदानाला द्यावी. आवारातले रोजचे जगणे थोडे सुखाचे होईल अशी काही कल्पना मुलांनी मांडायची, समितीने तिला पैसे द्यायचे आणि काम मुलांनीच करायचे, असे ते अनुदान.

मी त्या समितीवर होते. एका वर्षी माझ्या मुलीने मैत्रिणींबरोबर अर्ज केला. वसतिगृहाच्या गच्चीला कायम कुलूप असे. मुली ओले कपडे खुर्च्यांवर, पलंगाच्या कडांवर वाळत घालत आणि खोल्यांना कुबट वास येई. त्यांना गच्ची उघडून हवी होती. कठडा उंच करायचा, दोऱ्या बांधायच्या, बसायला बाक, आणि किल्ली मुलींकडे. एवढेच मागणे.

अर्जदार नात्यातला असेल तर सदस्याने बाहेर जावे, असा नियम होता. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरांनी आम्हांला घडवलेच असे, की आपल्या माणसाच्या पारड्यात बोटसुद्धा टेकायचे नाही. मी उठले. मुलगी अर्ज मांडायला आत येत होती, मी बाहेर जात होते. तिच्याकडे पाहिले तर पक्षपात होईल, म्हणून मी फरशीकडे पाहिले आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसले.

गच्ची एका मताने हरली. जिंकले कारंजे. त्या गटात अध्यक्षांचा सख्खा भाचा होता, पण अध्यक्ष खुर्चीतून हलले नाहीत. कारंजे वर्षभर उडाले. आता त्यात झाडू ठेवतात. ते पुन्हा सुरू झालेच, तर सर भिजू नयेत म्हणून छत्री.

त्या संध्याकाळी मुलीने विचारले, "आई, तू का उठलीस?"

"नियम आहे गं."

"मत देऊ नकोस, एवढाच अर्थ आहे त्याचा. माझ्याकडे बघूही नकोस, असं कुठे म्हटलंय?"

मी म्हणाले, "जेवून घे."

ती जेवली. शिक्षण संपल्यावर लांबच्या नोकरीवर गेली. दर रविवारी फोन येतो. तब्येत, हवा, बारकीच्या तक्रारी. कडाक्याचे भांडलो असतो तर बरे झाले असते.

५. देणगीला अट एकच. ज्या सदस्याचे नाते असेल त्याने ते उघड सांगावे, मत देऊ नये, पण बाहेरही जाऊ नये. आत बसावे आणि मूल बोलत असताना त्याच्याकडे पाहावे. पहिले अनुदान गच्चीला मिळावे, ही माझी इच्छा; सक्ती नाही. मुलांना दुसरे काही हवे असेल तर ते. कारंजे सोडून.

६. मुलीच्या नावे मी माझ्या बांगड्या आणि बचतीचा अर्धा वाटा लिहिला होता. काल ती स्वतः आली. वकीलबाईंनी मसुदा वाचून सांगितले, "ज्यांना यातलं काही मिळणार आहे त्यांनी सहीच्या वेळी बाहेर बसलेलं बरं. साक्षीदार तर त्यांना होताच येत नाही."

मी पुन्हा फरशीकडे पाहू लागले.

"मग माझं नाव काढा," मुलगी म्हणाली.

"अगं, तुझ्यासाठीच तर जपून ठेवलं सगळं."

"मला नको आई. मी साक्षीदार होते. इथेच बसते."

"आणि मी गं?" बारकीने विचारले.

"तुला घर मिळतंय ना मावशी? तू जा स्वयंपाकघरात."

"दार उघडं ठेवीन हां."

म्हणून बांगड्या बारकीला, आणि सगळी बचत कलम चारकडे. मुलीला द्यायचे माझ्या फार मनात होते. देता आले नाही, म्हणून निदान लिहून ठेवते.

७. या सगळ्याची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी.

सही ओळीबाहेर गेली तरी ती माझीच समजावी. सही करताना मी कागदाकडे पाहणार नाही.

लिहून देणार : (सही)

साक्षीदार :
१. (सही) वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर
२. (सही) मुलगी. हिला या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही.

स्थळ : आमचे जेवणाचे टेबल
दिनांक : वकीलबाई शिक्क्याजवळ घालतील. वार रविवार. आज फोन येणार नाही.