मैतराला सोयरा केला

॥ गहिनीनाथ बाबा प्रसन्न ॥
तलवाडा, ता. १२ फेब्रुवारी १९८७

चि. बिभीषण यास,
आजी चंद्रभागाबाईचे पोटभर आशीर्वाद. आमी सारे खुशाल, तुझी खुशाली कळवावी.

हे पत्र माझ्या हातचं हाय बरं का. प्रौढांच्या वर्गाला जाऊन शिकले. त्रिंबक पोस्टमन म्हणला, चंद्रभागाबाई, आता पत्रं वाचून चहा प्यायची माझी सोय गेली. काना मात्रा चुकला तर हसू नको, तुझी ढुंगणं मी धुतलीत.

इकडं टँकर तिसऱ्या दिशी येतो. तुझी बहीण विमल तोंड उजाडायच्या आत हंडे मांडून बसते. पोरीच्या डोक्याला चुंबळीचा वण पडलाय. गीताबाई तुझं लेकरू कडंवर घेऊन तिच्या जोडीला जाते, तुझी बायको लई गुणाची. शेळीनं भिंतीवरचं कॅलेंडर खाल्लं, त्याच्यामुळं तारीख शेजारणीला विचारून लिहिलीय.

आता मुद्द्याचं. तुझा मैतर शहादेव संक्रांतीला तुझ्यासंगं आलता, तवापासून माझ्या मनात घोळतंय. कसा हसरा गडी! माझं पाण्याचं पिंप एकट्यानं उचललं. दुष्काळात कारखान्यावरच्या जनावरांच्या छावणीत आठ महिने तुमी दोघं एका खोपीत राहिलात, एका ताटात जेवलात. असा मैतर दुसऱ्याच्या घरात कावून जाऊ द्यायचा? आपली विमल त्याला देऊ. मैतर लांब गेला का पत्र टाकत न्हाई, मेव्हणा झाला का सणावाराला यावंच लागतं. आणि त्यांच्या कड्याच्या मळ्यातल्या विहिरीला अवंदा बी पाणी हाय म्हणे. तुझ्या बापाला विचारलं. राधाकिशन काय, मी म्हणलं का मान हालवतो.

विमलला विचारलं तर चुलीत फुंकर घालत बसली. फुंकून फुंकून भाकर करपली. म्हणजे पसंत हाय.

लवकर लिही, माझ्या पोटात मावंना.
तुझ्यावर जीव टाकणारी,
आजी

*

कडा, ता. २१ फेब्रुवारी १९८७

ती. आजीस,
बिभीषणचा शि. सा. न. वि. वि.

तुझं अक्षर बघून लई आनंद झाला. इथं दूध संघात माझ्याबरोबरच्या सगळ्या कारकुनांना दाखवलं.

स्थळाचं मात्र माझ्या मनाला पटत नाही. शहादेव विमलपेक्षा नऊ वर्षांनी मोठा. तापट आहे. कडा लांब, विमलला करमायचं नाही. युसूफ वडगावला एक शिक्षक पोरगा आहे, त्याचं बघ. घाई करू नको.

गीताला सांग, लेकराला टँकरच्या गर्दीत नेऊ नको.
आशीर्वाद असू दे.
तुझा बिभीषण

*

तलवाडा, ता. ३ मार्च १९८७

चि. बिभीषण यास,
आजीचे आशीर्वाद, आणि पाठीत एक धपाटा.

नऊ वर्षांचं काय घेऊन बसलास? तुझा आजा माझ्याहून चौदा वर्षांनी मोठा होता, मी त्याला जन्मभर पळवला. तापट म्हणतोस, आणि संक्रांतीला तूच त्याला माझ्यादेखत गाढवा म्हणलास तर तो हसत होता. लांब म्हणतोस, तर तू हाईसच की तिथं. युसूफ वडगावच्या मास्तराच्या आईला मी ओळखते. ती मुक्कामाला आली तर उशीसुदिक आपली आणते.

शहादेव परवा दुधाच्या गाडीवर बसून आलता. मी तोंडावर विचारलं, विमल पसंत हाय का. कानापर्यंत लाल झाला. म्हणला, तुमच्या घरची म्हणल्यावर नाही कसं म्हणू. तुझं नाव काढून दोनदा विचारलं, बिभीषणचं काय म्हणणं हाय.

मग तुझंच कावून अडलंय? दारू पितो का? कुठं बाई ठेवलीय का? काय आसंल ते पाकिटात घालून चिकटवून पाठव. आता मला वाचता येतं, कुणाला दाखवायला लागत न्हाई. कारण आलं न्हाई तर पाडव्याला सुपारी फोडते.

लोभ हाय म्हणून बोलते.
आजी

*

कडा, ता. १४ मार्च १९८७

ती. आजीस,
बिभीषणचा सा. न.

हे पाकीट एकटी असशील तवा उघड. अक्षर मोठं काढलंय.

शहादेव दारू पीत नाही. त्यानं बाई ठेवली नाही. छावणीत मी चारावाटपाचा कारकून, तो त्याचे बैल घेऊन आलता, हे तुला माहीत आहे. एका खोपीत राहिलो. तिथं आमच्यात जे झालं ते नवराबायकोत होतं ते. एकदा नाही. छावणी पोळ्याला उठली तरी थांबलं नाही.

आजी, आमी तसले नाही. मला बायको आहे, तिच्यावर माझी माया आहे, लेकरू आहे. त्यालाही बायको पाहिजे, घर पाहिजे, तो खोटं बोलला नाही. आमी दोघं ह्याच्यावर कधी एक शब्द बोललो नाही. ह्याला काय म्हणायचं मला माहीत नाही, मला म्हणायचंही नाही.

पण विमलला तिथं देऊ नको. तिच्या वाट्याला काय येईल ते मला गीताकडं बघून कळतं. गीता मला काही विचारत नाही. मी घरी आलो की ती नवं लुगडं नेसते, आणि मी दुसऱ्या दिवशी निघायची गाडी विचारतो.

दुसरं कुठलंही कारण सांग आणि मोडून टाक. सगळा दोष माझ्यावर घाल.
बिभीषण

*

तलवाडा, ता. २४ मार्च १९८७

चि. बिभीषण यास,
आजीचे आशीर्वाद. ते कमी झाले न्हाईत, पहिल्यांदा तेच वाच.

तुझं पाकीट पोचलं. वाचायला तीन दिस लागले. दोनदा वाचलं, मग चुलीत घातलं. त्याच्यावरच चहाचं आधण ठिवलं, तुझी गीता म्हणली आज चहा लवकर उकळला.

पहिला दिस जेवले न्हाई. दुसऱ्या दिशी पुन्हा आठवलं, तू काय लिहिलंस. तूच लिहिलंस ना, आमी तसले न्हाई? मग झालं की रं! माझा जीव भांड्यात पडला. तसला असता तर मी सोता हे लगीन मोडलं असतं, पोटची नात विहिरीत ढकलायला मी काय वैरीण हाय? पण तुला बायको हाय, पोरगं झालं. त्याला बायको पाहिजे. जो तसला न्हाई त्याच्या लग्नाला अडचण ती काय? माणूस घर सोडून परमुलखात राहिला, दुष्काळाचं साल, ना सण ना वार. हाताला जे लागलं ते धरलं. घरात बाईमाणूस आलं का त्याचं त्याला आठवणार बी न्हाई. तुमच्या दोघांचं बी सुटंल आणि पोरीचं बी होईल. मला तर वाटतं देवानंच मला हे सुचवलं.

आणि पोरीकडं बघ की. काल टँकरपाशी ढकलाढकलीत तिचा हंडा चेपला, हात सोलून निघाला. तिथं दारात विहीर हाय.

पाडव्याला सुपारी फोडायची. तू येशील, पेढा खाशील, आणि हसशील. लग्नात नवऱ्या मुलाचा कान पिळायला भाऊच लागतो, तिथं दुसरा कोण उभा करू? हे मी पोटात ठिवलं, तू बी ठिव.

तुझी माया करणारी,
आजी

*

कडा, ता. ६ जुलै १९८७

ती. आजीस,
विमलचा शि. सा. न. वि. वि.

मी बरी आहे. लग्नाला आता दोन महिने झाले. पाणी भरपूर आहे. पहिले आठ दिवस मी उगाच दोनदा अंघोळ केली. सासूबाई हसायच्या. हे मला कधी वावगं बोलत नाहीत, हात उचलत नाहीत. बाजारातून बांगड्या आणल्या, माप बरोबर निघालं.

फक्त बोलत नाहीत. दादानं लग्नानंतर लगेच गेवराईच्या दूध केंद्रावर बदली मागून घेतली, तवापासून ह्यांचं जेवण कमी झालंय. दूध घालायला जातात तिथं पत्र आलं का विचारतात. मी म्हणलं, माझ्या माहेरचं पत्र माझ्यापेक्षा तुमालाच पाहिजे. तर उठून मळ्यात गेले. मी गमतीनं बोलले होते.

आणि एक. मला दुसरा महिना चाललाय. सासूबाईंनी लिहायला सांगितलं.
तुझ्या हातचं लोणचं आठवतं.
तुझी विमल

*

तलवाडा, ता. १५ जुलै १९८७

चि. सौ. विमल हीस,
आजीचे ओंजळ ओंजळ आशीर्वाद.

अगं पोरी! पत्र वाचलं आणि मी वसरीवर फुगडी घालायची राहिले. गुडघा नसता तर घातलीच असती. त्रिंबकाला गूळ दिला, शेळीला गूळ दिला, उरलेला मी खाल्ला. बिभीषणला सांगितलं, बघ, म्हणलं होतं का न्हाई! तो म्हणला, बरं झालं. लेकराला घेऊन बाहेर गेला.

नवरे बोलतेत होय? तुझा आजा मला पहिलं वाक्य बोलला ते तिसऱ्या वर्षी, ते बी बैल कुठं बांधलाय म्हणून. लेकरू झालं का बोलंल. डोहाळे काय लागले ते लिही. चिंचा पाठवते, खारवून.

पंचमीला तुला न्यायला मुराळी म्हणून बिभीषणला पाठवते. तो टाळत होता, मी डोळे वटारले. तू म्हणतीस जावयाला त्याची वाट असते, मग तर पाठवलाच पाहिजे. आणायला तोच आणि पोचवायला बी तोच.

पोटातल्याला माझा मुका.
तुझी आजी

*

कडा, ता. १७ ऑगस्ट १९८७

आजीस,
विमलचा नमस्कार.

दादानं मला पंचमीनंतर पोचवलं. एका दिवसासाठी म्हणून आला, चार दिवस राहिला. तो पहिल्या दिवशी दारात दिसला तवा हे पायात वहाणा न घालता पुढं पळाले. त्या चार दिवसांत हे पाच पाच भाकरी जेवले. गाणं म्हणत मोट बघायला गेले. मला वाटलं, माझं नशीब उघडलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी मळ्यात जेवण घेऊन गेले. विहिरीपलीकडं चिंचेखाली दोघं होते. मी काय बघितलं ते लिहीत नाही. एवढंच लिहिते की ह्यांनी दादाच्या तोंडावरून हात फिरवला, तसा माझ्यावरून कधी फिरवला नाही. मी भाकरी बांधावर ठेवून परत आले.

दादा गेल्यावर विचारलं. हे चिडले नाहीत. म्हणले, मी बाईला पाठ दाखवणारा गडी आहे का? तुला काय कमी केलं ते सांग. मी विचार केला, आजी. लई विचार केला. मला कमी काय केलं ते सांगता येईना. पाणी आहे, कपडा आहे, पोटात लेकरू आहे. मग हे म्हणले, तो मैतर आहे माझा, आणि रडले. मीच त्यांना पाणी दिलं.

लग्नात दादानं कान धरला तवा सगळा मांडव हसत होता आणि दादा रडत होता. मला वाटलं, मी चालले म्हणून.

तुला आधी माहीत होतं का? एवढंच लिही. चिंचा पाठवू नको.
विमल

*

तलवाडा, ता. २५ ऑगस्ट १९८७

चि. सौ. विमल हीस,

होतं.

बिभीषणनं सुपारीच्या आधी लिहिलं होतं, देऊ नको म्हणून. मी पत्र जाळलं. त्यात त्यानं लिहिलं होतं, आमी दोघं बी तसले न्हाई. मी ते खरं धरलं. आज बी ते खोटं वाटत न्हाई, तिथंच माझी मती गुंग होते. खोटारडे असते तर शिव्या दिल्या असत्या.

चार दिस झाले, तुला ये म्हणून लिहायचं म्हणते आणि हात थांबतो. तू आलीस तर लोक विचारतील का आली. तू सांगितलंस तर गीताचं घर बसंल. न सांगितलंस तर दोष तुझ्यावर येईल, पोटुशी बाई नवऱ्यानं टाकली म्हणतील. आणि आलीस तरी ह्याच घरात, बिभीषणच्या समोर. दुसरं घर माझ्यापाशी न्हाई. गीता आता विचारती, आजी, विमलचं पत्र आलं का, काय लिहिलं. मी म्हणते, अक्षर लागंना.

बिभीषणला मी बोलले. कड्याची पायरी चढायची न्हाई म्हणलं. तो बरं म्हणला. त्याला शपथ घ्यायला लावली, लेकराच्या डोक्यावर हात ठिवून. तो पाळील. पण मागं तूच लिहिलंस का तो आला न्हाई तर जावई जेवत न्हाई. म्हणून पुन्हा जिवाला घोर. तुझे हे असे दिस, घरात तसला उपाशी मुका माणूस. शपथ मी घातली, मीच सोडवीन. पाठवू का नको, तू सांगशील तसं करते. माझ्या अकलेनं काही करायचं मी सोडलं.

आजी

*

(कार्ड)
कडा, ता. ९ सप्टेंबर १९८७

आजीस,
हे परवापासून उपाशी आहेत. सासूबाई मला विचारतात, तू काय बोललीस.

दादाला पाठव. मी म्हणलं म्हणून सांग.

विमल