अर्ध्या पलंगाचं भाडं

५ मार्च, गुरुवार

सुट्टी. म्हणजे माझा बेघर दिवस!

पलंग एक, आम्ही दोघी. ती दुसऱ्या हॉस्पिटलात नर्स, कायम रात्रपाळी — दिवसा पलंग तिचा. मी दिवसपाळीची, रात्री माझा. भाडं अर्धं-अर्धं. वर्ष होत आलं, दारात चपला घालता-काढता दिसते तेवढीच ओळख. मनात मी तिला रात्रवाली म्हणते. ती मला काय म्हणत असेल कोण जाणे! तिच्या सुट्टीला ती गावी जाते, म्हणून बाकी सहा दिवस सगळं सुरळीत. सुट्टीच्या दिवशी मात्र ती झोपलेली, खोलीत भांडं वाजवायचीही चोरी. मग मी बाहेर.

मोठी माणसं सांगतात, अंथरूण पाहून पाय पसरावे. इथे अंथरूणच अर्धं! अख्खी खोली घेतली तर भाडं देऊन जे उरेल त्यात मी जेवायचं, नाहीतर आईला पाठवायचं. दोन्ही होत नाही. या हॉस्पिटलातल्या बाराव्या वर्षाचा पगार आहे हा.

कुठे बसणार? बागेत ऊन, हॉटेलात दुसरा चहा सांगितला नाही की पोऱ्या टेबल पुसायला लागतो. शेवटी आमच्याच हॉस्पिटलचा वेटिंग हॉल. पंखा आहे, पाणी आहे, कोणी विचारत नाही. ज्या जागेतून सुटका म्हणून सुट्टी, तिथेच जाऊन बसायचं!

चारला भेटीची वेळ झाली. सगळे नातेवाईक उठले, त्यांच्याबरोबर मीही उठले — एकटीच काय बसून राहायचं? बायकांच्या वॉर्डात शिरले. माझा वॉर्ड मुलांचा, इथे मला फारसं कोणी ओळखत नाही. दाराजवळच्या खाटेवर एक म्हातारी, पायाला मोठं ड्रेसिंग, शेजारचं स्टूल रिकामं. बसले. तिनेही विचारलं नाही, तू कोण. बसल्याबसल्या माझा हात सवयीने तिच्या सलाइनच्या चाकाकडे गेला, थेंब हळू केले.

"नर्स दिसतेस," ती म्हणाली. "सुट्टीत पण हात गप्प बसत नाही होय?"

किती दिवसांनी हसले.

८ मार्च, रविवार

आईचा फोन. "तुझ्या खोलीला मोठी खिडकी आहे म्हणालीस ना? येते ग एकदा, बघते." मी नेहमीचंच — ड्युट्या फार आहेत, पुढच्या महिन्यात बघू. खिडकी आहे, हे खरं. खोली माझी आहे, हे खोटं. दादाकडे ती सुखात आहे, एवढं एक बरं. पण तिला माझ्याकडे आणायचं हे डोक्यातून जात नाही. लहानपणी तापात कुशीत घेऊन बसायची, तशी तिच्याजवळ एकदा झोपायचंय मला. चाळीशीला आले तरी.

१२ मार्च, गुरुवार

पुन्हा आजींकडे गेले. संत्री नेली. स्टूल रिकामंच होतं.

आजींना घर आहे! तीन खोल्या, मागे नळ, दारात पेरूचं झाड. नवरा गेला, मूलबाळ नाही. "एकटीला खायला उठतं ग घर," म्हणाल्या. मागचं दार पावसात फुगतं, खांदा लावून ढकलावं लागतं, हेही सांगितलं.

तीन खोल्या! आणि मी परत येऊन रात्रवालीच्या डोक्याने कोमट झालेल्या उशीवर आडवी.

१४ मार्च, शनिवार

ड्युटी संपल्यावर अर्धा तास आजींजवळ. सोमवारीही जाणार. त्यांच्या केसांचा गुंता काढून वेणी घातली. वॉर्डातली सिस्टर म्हणाली, "तुझ्या कोण लागतात?" मी म्हटलं, "लांबच्या."

आवळा देऊन कोहळा काढायला निघालेय का मी? पानाशी खोटं बोलून काय मिळणार. आज पेरूचं झाड दोनदा डोळ्यांपुढे आलं, आजींचा पाय एकदाही नाही.

१९ मार्च, गुरुवार

त्याच बोलल्या, मी नाही! "मंगळवारी सोडतायत मला. ये की माझ्याकडे राहायला. भाडं काय घ्यायचं तुझ्याकडून? ड्रेसिंग कर, जवळ बस."

मी म्हटलं, माझी आई पण येईल. "येऊ दे. दोघी म्हाताऱ्या भांडू."

वॉर्डातून बाहेर पडून जिन्यातच आईला फोन लावला. "आई, ये! केव्हाही ये. मोठं घर मिळतंय." ती एवढंच म्हणाली, "बघते, दादाला विचारून." आनंदाने बोलवत नसेल.

२१ मार्च, शनिवार

घरमालकिणीला सांगून टाकलं, घर मिळतंय, एक तारखेपासून अर्धा पलंग सोडते. संध्याकाळी रात्रवाली दारात थांबली. पहिल्यांदाच नीट बोललो. आवाज एवढा जाड असेल असं वाटलं नव्हतं.

"घर पाहिलंस?"

"नाही. पण —"

"रिकामं घर ऐकलं की आपल्यासारख्यांची अक्कल रजेवर जाते. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नकोस." मग चप्पल घालताना म्हणाली, "उशी तू दुमडून ठेवतेस ना, मला आवडतं."

आता सांगतेय! वर्षभर कुठे होती?

२४ मार्च, मंगळवार

लिहवत नाही. तरी लिहिते.

रजा टाकली. आजींना गाडीत बसवलं, औषधांची पिशवी मांडीवर. त्या चालकाला सांगत होत्या — सरळ, आता डावीकडे, पुढच्या कोपऱ्याला उजवीकडे. मेडिकलचं दुकान गेलं. थोड्या वेळाने तेच दुकान पुन्हा आलं. तिसऱ्यांदा आलं तेव्हा चालक म्हणाला, "आजी, प्रदक्षिणा घालताय काय?"

मला वाटलं, रस्ता विसरल्या. म्हटलं, आठवा, घाई नाही. त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या.

"घर नाही ग," म्हणाल्या. "होतं. कधीच विकलं, त्यांच्या आजारपणात. तू येऊन बसायचीस. घराचं काढलं की तुझा चेहरा उजळायचा. मग बोलत गेले."

शेवटी त्यांनी गाडी एका लाँड्रीपाशी थांबवली, तिच्या मागे एका खोलीत चार बायकांच्या चार खाटा. त्यातली एक आजींची. भाड्याची. दोन पायऱ्या होत्या, मी हाताला धरून चढवलं, ड्रेसिंगला धक्का लागू दिला नाही. आणि खाटेवर बसवून म्हटलं — "फसवलंत तुम्ही मला."

"तू तरी कुठे माझ्यासाठी येत होतीस?"

आवाज चढवला नाही. औषधाच्या गोळ्या उलटसुलट बघत होत्या. कुठली सकाळची, कुठली रात्रीची ते मी सांगितलं नाही. निघून आले. अठरा वर्षांची शिकाऊ असतानाही अशी वागले नव्हते.

२५ मार्च, बुधवार

ड्युटी. एका पोराने विचारलं, सिस्टर तुम्हाला ताप आलाय का?

२६ मार्च, गुरुवार

सुट्टी. सकाळी लाँड्रीमागे गेले. आजी झोपल्या होत्या. गोळ्या दोन पुड्यांत बांधल्या, सकाळच्या आणि रात्रीच्या, शेजारच्या बाईला नीट समजावलं. आजी उठायच्या आत परतले. तोंड दाखवायची हिंमत नव्हती.

अर्धा पलंग परत मागितला. मालकीण म्हणाली, "मिळेल, पण नव्या भावाने." आठवड्याभरात अर्ध्या पलंगालाही महागाई! केलं कबूल. मग वेटिंग हॉल. चारला सगळे उठले. मी बसून राहिले.

आईला मोठ्या घराचं सांगून बसलेय. निघाली तर कुठे ठेवू तिला?

२९ मार्च, रविवार

आईला सगळं खरं सांगितलं. घर नाही, खोली नाही, अर्धा पलंग आहे. येऊ नकोस.

ती म्हणाली, "बरं झालं बोललीस. मलाही सांगायचं होतं. दादाला भाडं झेपेना ग, एका खोलीत गेले ते सगळे. मी चार महिने झाले वृद्धाश्रमात आहे. त्याला बोलू नकोस हं, तो दर महिन्याला पैसे भरतो."

मी विचारलं, तिथे जवळ कोणी बसतं का तुझ्या?

"बसते की. शेजारच्या खाटेवरच्या बाईंची मुलगी येते, ती माझ्यापाशीही बसते जरा वेळ. तिला तुझ्या घराचं सांगत असते मी. फार आवडतं तिला ऐकायला."