वाक्याच्या शेवटी 'नाही'

४ मार्च

ती. आत्यास,

मुंगीचा सा. न. वि. वि.

अंगठी घालायच्या दिवशी तू सभेमुळे आली नाहीस. त्याचा राग मी राखून ठेवला आहे, सवडीने काढीन. तोवर बातमी ऐक. अंगठी बोटात बसते, पण मला स्वस्थ बसू देत नाही. दुकानात काम करताना तिचा वळ लगद्यावर उठतो, म्हणून सकाळी आल्या आल्या ती टेबलावरच्या खिळ्याला अडकवते आणि गिऱ्हाइकागणिक वर बघते, आहे ना जागेवर. मालकीणबाई म्हणाल्या, लग्न तुझं ठरलंय की खिळ्याचं तेच कळत नाही.

काम तुला माहीत आहे, पण भाषणात तू ते दर वेळी चुकीचं सांगतेस, म्हणून पुन्हा लिहिते. मी कानाची यंत्रं विकत नाही. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांच्या कानात मऊ लगदा भरून साचा घेते आणि त्यावरून यंत्राचा कानात बसणारा तुकडा घडवते. एकाच माणसाचे दोन कानसुद्धा सारखे नसतात, आत्या. इतकी वर्षं बाहेरच्या बाकावर नुसती घासाघाशी केली. आता मालकीणबाई आतली खोली माझ्या हाती देणार आहेत. खिडकी, वाकवता येणारा दिवा आणि दारावर आतून लागणारी कडी.

देणार होत्या, असं लिहायला हवं. काल त्यांनी बोलावून विचारलं, काम सोडतेस हे मला बाहेरून का कळावं? माझ्या होणाऱ्या सासूबाई म्हणे सगळीकडे कौतुक करत फिरताहेत. मुलगी फार समजूतदार, आपण होऊन म्हणाली, लग्नानंतर काम सोडणार. मालकीणबाईंनी महिनाअखेरपर्यंत मुदत दिली आहे. तोवर नक्की काही कळलं नाही, तर खोलीसाठी दुसरी मुलगी बघतील.

सासूबाईंनी त्या दिवशी विचारलं होतं खरं. पण मी म्हणाले होते की मी काम सोडणार नाही. म्हणाले होते ना? आईला विचारलं, ती माझ्या शेजारीच होती. तिला फक्त कपबश्यांचा आवाज आठवतो. तुझे होणारे जावई, पूलवाले, तेव्हा खालून खुर्च्या आणत होते. आता माझ्याच वाक्यावरचा माझा भरवसा उडाला आहे. साधा भात लावतानासुद्धा ते वाक्य मनात म्हणून बघते. कधी शेवटचा शब्द असतो, कधी नसतो.

लोभ आहेच, या महिन्यात तो जरा जास्त लागेल.

तुझी,
मुंगी


८ मार्च

चि. मुंगीस,

अनेक आशीर्वाद आणि एकदा कान पिळणे. तुझ्या धंद्याला शोभेल असं.

मी आले नाही, कारण रात्रपाळीच्या परिचारिकांना बसायला खुर्ची मिळावी म्हणून आमची सभा होती. खुर्च्या मिळाल्या. तुझ्याकडे मात्र खुर्च्या आणायच्या नादात मुख्य गोष्ट ऐकायला कोणी उरलंच नाही असं दिसतं.

तू म्हणालीस की नाही, हा प्रश्नच मला पटत नाही. म्हणालीस. मी तुला ओळखते. पण कशी म्हणालीस तेही ओळखते. आपल्या भाषेत होकार आणि नकार एकाच वाटेने चालत येतात, आणि वेगळे होतात ते अगदी शेवटच्या पावलाला. आणि आपल्या घरातल्या मुलींना लहानपणापासून शिकवलं काय? शेवट हळू म्हण. नजर खाली, आवाज खाली. परिणाम असा, की 'मी काम सोडणार' एवढं अख्ख्या दिवाणखान्याला ऐकू जातं आणि 'नाही' आपल्याच घशात राहतो. मी व्यासपीठावर पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा ठणकावून म्हणाले होते, आम्ही जादा पाळी करणार नाही. शेवटच्या शब्दाला धाप लागली. समोरच्या वरिष्ठांनी उठून आभार मानले. तो 'नाही' परत मिळवायला आम्हाला अख्खा उन्हाळा लागला. तेव्हापासून मी वाक्याच्या शेवटासाठी श्वास राखून ठेवते. लोक मला तोफ म्हणतात. म्हणोत. तोफेचा आवाज निदान शेवटी होतो.

आणि त्या बाईंबद्दल माझं मत विचारशील, तर त्या पक्क्या आहेत. स्वतःला हवं तेवढंच वाक्य उचलायचं आणि त्याचं कौतुक गावभर वाटायचं. कौतुक ही फार जुनी बेडी आहे, मुंगे. ती हातात घालताना कोणी ओरडत नाही.

तेव्हा ऊठ, त्यांच्यासमोर जा आणि पूर्ण वाक्य म्हण. आणि पूलवाल्याला आधी विचार की त्याच्या कानांना काय झालंय.

तुझ्या लोभाची सवय झालेली,
आत्या


१२ मार्च

कानवालीस,

मायना काय लिहावा यात दोन कागद गेले. 'प्रिय' लिहिलं तर शेजारच्या टेबलावरचा ओव्हरसियर मान लांब करतो, आणि नुसतं स. न. वि. वि. लिहिलं तर पत्र खात्याला लिहिल्यासारखं वाटतं. तेव्हा नमस्कार, आणि बाकीचं तू समजून घे.

इथलं काम चालू आहे. सकाळी पुलाखाली उतरायचं, लहान हातोडीने खांब ठोकत जायचं आणि कान द्यायचा. चांगला खांब टणटणीत बोलतो, आतून पोकळ झालेला बद्द. तुझं नि माझं काम एकच आहे, असं मी ओव्हरसियरला सांगितलं. तो म्हणाला, मग तिला पण शिडी लागत असेल.

पुलापासून जवळ दोन खोल्या बघितल्या आहेत. एकीला मोठी खिडकी आहे. तिथे तुझं टेबल बसेल असं वाटलं आणि मग आठवलं, टेबलाचं आता काय काम. खरं सांगू? आईने जेव्हा सांगितलं की तू काम सोडते आहेस, तेव्हा मला जरासं लागलं. त्या आतल्या खोलीबद्दल तू माझ्याशी इतकं बोललीस, कडीबद्दलसुद्धा, आणि हे मात्र आईला आधी सांगितलंस. आईला मी पुन्हा विचारलं नाही. आमच्या घरात आईला कोणी दुसऱ्यांदा विचारत नाही. एकदा बोलायचं, तिने उत्तर दिलं तर दिलं, नाहीतर तिचं ठरलं असं धरून चालायचं. बाबा तर हल्ली एकदासुद्धा बोलत नाहीत, वर्तमानपत्र पुढे सरकवतात.

तू मला सांग. तुझ्या तोंडून ऐकलं की मी खोल्यांच्या मालकाला हो किंवा नाही कळवीन. इथून बदली मागता येते. मिळेलच असं नाही.

उत्तराची वाट बघण्यात हातोडीचा नेम चुकतो आहे, एवढं ध्यानात असू द्यावं.

तुझा,
पूलवाला


१७ मार्च

ती. आत्यास,

सा. न. वि. वि.

पूलवाल्यांना लगेच लिहिलं की मी 'नाही' म्हणाले होते. उत्तर आलं, आईशी मीच बोलतो. मी थांबायला सांगितलं. का, ते पुढे वाच, आणि वाचताना रागावू नकोस.

परवा सासूबाई दुकानात आल्या. अचानक, एकट्याच. आधी नजर गेली खिळ्यावरच्या अंगठीकडे. अंगठी का काढते ते मी भराभर सांगायला लागले, आणि त्या हसून हो हो म्हणाल्या. मी विचारलं, चहा घ्याल की नुसतं पाणी. त्या म्हणाल्या, हो.

आत्या, तो 'हो' मी रोज ऐकते. दिवसातून दहा माणसं मला तो 'हो' देतात. मग मी बघायला लागले. मला उजव्या हाताला ठेवूनच त्या उभ्या होत्या. मी लगद्याचा डबा घ्यायला वळले की त्यांचं बोलणं थांबायचं, तोंड समोर आलं की पुन्हा सुरू. माझं वाक्य संपायच्या आत हसू तयार असायचं, कारण हसू कुठेही चालतं. घरात हे कोणालाच माहीत नाही. त्यांच्या मुलालाही नाही, तो दिवसभर खांबांना कान लावून बसतो तरी. तिथे सगळे समजतात, आईला दुसऱ्यांदा विचारलेलं आवडत नाही. मुलगा एकदा बोलून थांबतो आणि वडील नुसतं वर्तमानपत्र पुढे सरकवतात, असं त्यानेच लिहिलंय.

म्हणजे त्या पक्क्या नाहीत. त्यांना माझं अर्धंच वाक्य पोचलं. आता माझी पंचाईत बघ. मी 'नाही' म्हणाले होते असं सांगायचं, तर त्याचा अर्थ होतो, तुम्हाला ऐकू येत नाही. लग्नाआधीच सुनेने सासूचं झाकलेलं उघडं करायचं? आणि गप्प बसले, तर खोली गेली. काल मालकीणबाईंनी एका मुलीला दुकान दाखवायला आणलं. चुणचुणीत आहे. तिने माझा दिवा वाकवून बघितला.

मला झोप येते, पण उठल्यावर दमलेली असते. आई म्हणते, लग्न ठरलं की असंच होतं. तिच्याकडे सगळ्याला हेच एक उत्तर आहे.

तुझी तोफ जरा हलक्या दारूने भर आणि लिही.

तुझी,
मुंगी


२१ मार्च

चि. मुंगीस,

आशीर्वाद. त्या बाईंना मी पक्क्या म्हणाले ते निम्मं मागे घेते. निम्मं हाताशी ठेवते, माझा अनुभव मोठा आहे.

बाकी मात्र मी हलकं लिहिणार नाही. तुला वाटतं गप्प राहणं म्हणजे त्यांचा मान राखणं. मी वॉर्डात उभं आयुष्य काढलं. ज्याला कमी ऐकू येतं त्याच्याशी लोक भांडत नाहीत, त्याला टाळतात. जाऊ दे, पुन्हा कोण सांगणार, असं म्हणत म्हणत माणसाला जिवंतपणी खोलीबाहेर काढतात. त्या घरात नवरा वर्तमानपत्र पुढे सरकवतो. मुलगा एकदा बोलून गप्प होतो. आता तूही मनात वाक्य गिळून गोड हसणार असशील, तर त्या घराला अगदी शोभशील. आणि दहा वर्षांनी तुला त्या बाईंचा राग येईल, ज्यांना तू कधी काही सांगितलंच नाहीस.

तू रोज परक्यांशी ज्या रीतीने बोलतेस तशी त्यांच्याशी बोल. उजेडात, समोरून, तोंडावर हात न घेता. त्यांच्या कानांबद्दल एक अक्षर काढू नकोस, ते काढायचा हक्क त्यांचा. तुझ्या वाक्यावरचा हक्क तुझा. श्वास शेवटासाठी ठेव.

काय झालं ते कळेपर्यंत मी कोणत्याही सभेत नीट बोलू शकणार नाही. परिचारिकांचं नुकसान होईल, हे लक्षात घे.

तुझी,
आत्या


२९ मार्च

ती. आत्यास,

सा. न. वि. वि. आणि परिचारिकांना सांग, सभा घ्यायला हरकत नाही.

सासूबाईंना मीच दुकानात बोलावलं. खिडकीसमोर बसवलं, स्वतः समोर स्टुलावर बसले आणि म्हणाले की मी काम सोडणार नाही. शेवटच्या शब्दाला आवाज इतका चढला की बाहेर बाकावर बसलेले आजोबा, ज्यांना विमानसुद्धा ऐकू जात नाही, तेही वळून बघायला लागले.

त्या खिळ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता अंगठी परत मागतात. मग त्यांनी पर्स मांडीवरून खाली ठेवली, केस कानामागे सारले आणि डावा कान माझ्यापुढे केला. एवढंच. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

लगदा भरल्यावर आम्ही गिऱ्हाइकाला बोलत राहायला सांगतो. जबडा हलता राहिला तर साचा नीट बसतो. मी खूण केली, बोला. डाव्या कानात लगदा होता, उजव्या कानावर खिडकीतून रस्त्याचा गोंगाट येत होता आणि मी त्यांच्या मागे उभी. म्हणजे माझं काही त्यांना पोचणार नव्हतं आणि माझा चेहराही दिसत नव्हता. त्या खिडकीबाहेर बघत बोलायला लागल्या.

त्या म्हणाल्या, त्या दिवशी शब्द ऐकू आला नव्हता, पण मान आडवी हललेली दिसली होती. कान गेलेत, डोळे शाबूत आहेत. सोडणार असं म्हणणारी मुलगी मान हलवत नाही. पण त्यांना मुलाजवळ सून हवी होती, आणि अनुभव असा, की त्यांनी अर्धं ऐकलं तर उरलेलं अर्धं परत सांगायला कोणी येत नाही. कंटाळतात सगळे. घरात त्यांचं सगळं असंच मनासारखं होतं. मग म्हणाल्या, मनासारखं होतं आणि कोणी बोलत नाही. तू येशील असं वाटलं नव्हतं. दुसऱ्यांदा सांगायला त्या घरात कित्येक वर्षांत कोणी आलेलं नाही.

तेव्हा हाताशी ठेवलेलं निम्मं तुझंच खरं निघालं, आत्या. पक्क्याच आहेत. मला राग यायला हवा होता आणि आलाही. पण हात त्यांच्या कानाशी होता आणि तो कान तापलेला होता, शरमेने की लगद्याने, सांगता येत नाही.

मालकीणबाईंना सांगितलं. चुणचुणीत मुलगी बाहेरच्या बाकावर बसणार आहे, आतली खोली माझी. पूलवाल्यांनी खोल्यांना नकार कळवून बदलीचा अर्ज दिला आहे. मिळेल की नाही कोणास ठाऊक. न मिळाली तर शनिवारी येऊन सोमवारी जाणारा नवरा मिळेल, आणि त्यावर सासूबाई काय म्हणतील हे मला आत्तापासून दिसतं आहे.

एक सांगायचं राहिलं. साचा बाहेर काढला, तर त्याच्या कडेला गोल खळगा पडलेला. त्या दिवशी गडबडीत अंगठी काढायचीच विसरले होते. खिळा रिकामाच होता, आणि त्या त्याच्याकडे बघत होत्या त्या बहुतेक मी ती कुठे टाकली म्हणून. मी त्यांच्यासमोर येऊन म्हणाले, हा साचा चालणार नाही.

त्या हसून हो हो म्हणाल्या.

मग हसू आवरून, माझ्या तोंडाकडे बघत, पुन्हा सांग म्हणाल्या.

लोभ तुझ्याकडून पुरेसा पोचला. आता तिकडून येण्याचंही बघ.

तुझी,
मुंगी