गाडी तापल्यावर गिअर पडतो

बाबा,

तुम्ही हाताच्या व्यायामाला गेलात तेवढ्यात मी तुमची म्हातारी गाडी बाहेर काढली. खुशाल रागवा. गिअरबॉक्स खोलून पुन्हा बांधल्यापासून तुम्ही ती फक्त अंगणात मागेपुढे करता, आणि गिअर अडला की म्हणता, "माझ्या हातातच जोर उरला नाही, विकून टाकू."

आज आधी तो मलाही दाद देईना. दातओठ खात टेकडीपर्यंत गेले. तोवर गाडी चांगली तापली आणि येताना प्रत्येक गिअर अलगद पडला. दोष हाताचा असता तर गाडी तापल्यावर गेला असता का? गिअरबॉक्समध्ये आपण घातलेलं तेल फार जाड आहे, एवढंच.

मी पातळ तेल आणायला जातेय. गाडी बघायला गिऱ्हाईक येईल, त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. किल्ली शोधू नका, माझ्याकडे आहे.

जुने कपडे घालून तयार राहा. मी गाडीखाली शिरणार, पण मला तुमचे हात लागतील. दोन्ही.

— चिमी