जिन्याजवळची खोली

प्रिय रामदास,

या पत्राला बोंबलांचा वास येईल, नाक मुरडू नकोस. कमल कोळीण ते पाटीत दडवून तुझ्या खाडीकाठी आणतेय, तिचे उपकार मान. तुझ्या नावाचं वॉरंट अजून आहे आणि लालबागेत पोलिसांचे फेरे चालूच आहेत.

आईचं लपवून काय करू? डॉक्टरांनी हात टेकलेत. तिची खाट दारासमोर ओढलीय. गॅलरीत पाऊल वाजलं की मान वळवते, तूच आलास असं तिला वाटतं. मला फार रडू येतं रे.

एकच जिना, एकच नळ आणि एकच लांबलचक गॅलरी. आपल्याकडे काय शिजलंय ते शेजारी आधी सांगतात, म्हणून आपण किती हसायचो! दिवसा दार लावायचं नाही, ही चाळीची रीत. त्या रीतीनेच तुला वाचवलं. मोर्चाच्या दिवशी राधाबाईंच्या उघड्या दारातून शिरलास, मागच्या खिडकीतून पत्र्यावर उतरलास. पोलीस आले तेव्हा बाई तांदूळ निवडत बसलेल्या.

आता जिन्याजवळच्या खोलीत चिंतामणी नावाचा भाडेकरू आलाय. रे रोडच्या वखारीत कारकून आहे म्हणतो, पण कामावर जाताना कोणी पाहिला नाही. त्याचं दार दिवसाही लोटलेलं, बोटभर फट ठेवून. जिना चढणाऱ्याला त्या फटीसमोरूनच यावं लागतं. आईला मोसंबी आणून देतो. मीही खुळी, त्याला चहा पाजत बसले. आणि आईने त्याला कौतुकाने सांगितलं, जीव जाताना माझा रामदास जगाच्या पाठीवर कुठेही असो, तोंडात पाणी घालायला येणारच. तिचा तरी काय दोष? या चाळीत कोणी कोणापासून काही लपवलंय कधी?

तेव्हापासून तो सकाळ-संध्याकाळ चौकशी करतो. आईला बरं वाटतंय म्हटलं की त्याचा चेहरा उतरतो. काल मला म्हणाला, "ताई, बांबू, मडकं, सगळं मी बघतो. तुम्ही फक्त भावाला वेळेत कळवा." आत येऊन आईला सगळं सांगितलं. तिने गॅलरीकडून मान फिरवली. मग म्हणाली, "कौसा, दार लाव गो." भरदिवसा आपलं दार मी पहिल्यांदा लावलं.

म्हणून हे लिहितेय. आई गेली की दार पुन्हा सताड उघडेल, गॅलरी माणसांनी भरेल, आणि कोणीतरी भल्या मनाने तुझ्याकडे धावत येईल. तू येऊ नकोस. ही माझी भीती नाही, तिचा निरोप आहे: "तेका सांग, येव नको. पाणी कौसाच्या हातचा पण गोड लागता." अग्नी मी देईन, लोकांना काय बोलायचं ते बोलू देत. तू तिथेच खाडीत तिच्या नावाने ओंजळभर पाणी सोड. पत्र चुलीत घाल.

तुझीच,
कौसाताई