राजाचा पार्ट

२ डिसेंबर १९५८

नाटक मंडळीच्या मालकांनी आज सगळ्यांदेखत सांगितलं — "गुरुदास, तुझ्या गळ्यात आता बाई रवली नाय. यंदा राजा कर." द्रौपदी, तारामती, सगळं त्या बाळा नावाच्या पोराला! पंधरा वर्षं दशावतारात बाईचे पार्ट केले. बायका म्हणायच्या, पदर घ्यावा तर गुरुदासानं. आणि आता मिशा लावू? काल आलेला पोर माझ्याच आरशात बघून कुंकू लावतो. अंगाची नुसती आग होते!

९ डिसेंबर

आरोंद्याची जत्रा. शोभा झाली! आमच्यात लिहिलेलं काही नसतं. मालक कथा सांगतात, बोलणं ज्याचं त्यानं उभ्या उभ्या रचायचं. बाई झालो की मला शब्द आपसूक सुचायचे. आज राजा म्हणून उभा राहिलो आणि तोंडाला कुलूप. पखवाजवाला वाजवून वाजवून दमला. शेवटी घाईघाईत म्हणालो, "प्रधानजी, मी चालले!" वर हात खांद्याकडे — पदर सावरायला! अख्खी जत्रा हसून लोळली.

१० डिसेंबर

दुकानात, वाटेवर, सगळीकडे तेच — "खंय चललंस गो?" मेल्यांना दुसरा धंदा नाही.

१३ डिसेंबर

सुगंधाला म्हटलं, सोडतो हे सगळं. बायकोनं तरी बरं बोलावं! म्हणाली, "पंधरा वर्सां माजी लुगडी नेसलात, तेव्हा लाज वाटली नाय. आता मुकुट जड झालो?" जेवलो नाही. खोटं बोलली असती तर जेवलो असतो.

२१ डिसेंबर

हरिश्चंद्र. पुन्हा शब्द गेले. या वेळी पळालो नाही. हात मांडीशी घट्ट धरून उभा राहिलो. मग खरं होतं तेच बोललो — "तारामती, काय बोलावं मला कळत नाही." कोणी हसलं नाही. टाळ्याही नाहीत. बाळा मात्र खरोखरचा रडला, हलकट!

पंधरा वर्षांत मला काही जड गेलंच नाही. म्हणजे शिकलोही नाही. टाळ्या घेतल्या नुसत्या.

४ जानेवारी १९५९

बाळा मुंबईला पळाला, गिरणीत. मालक दारात — "गुरुदासा, तुझी द्रौपदी तुका परत." महिन्यापूर्वी पाय धरले असते. म्हटलं, "नको. राजा अजून येणा नाय माका."

५ जानेवारी

सोंगांच्या पेटाऱ्यातून सुगंधाचं लग्नाचं लुगडं काढलं, तिला दिलं. उद्याच्या जत्रेत ती तेच नेसून अगदी पुढं बसणार आहे. मला आत्तापासूनच घाम फुटलाय.